दोनशे किलोमीटरची पहिली राईड: पाय, पोट आणि डोकं कसं तयार करायचं

शिरवळला, नीरेच्या पुलाच्या थोडं अलीकडे, महामार्गाच्या कडेला मी सायकल आडवी टाकून बसलो होतो. दीडशे किलोमीटर झाले होते, पन्नास राहिले होते, घड्याळात पावणेपाच. साडेसातच्या आत पुण्यात पोचलो असतो तर राईड वेळेत धरली गेली असती. म्हणजे पन्नास किलोमीटरला पावणेतीन तास हाताशी होते, आणि रविवारच्या फेरीत तेवढं अंतर मी सव्वादोन तासांत आरामात कापत होतो. पण त्या क्षणी मला पक्कं वाटत होतं की हे आपलं काम नव्हे, उगाच हौस केली. एका टेम्पोला हात केला, सायकल मागे चढवली आणि कात्रजला उतरलो. तिथे दोन वडापाव आणि एक गोड चहा पोटात गेला, आणि पंधरा मिनिटांत लक्षात आलं की पाय ठणठणीत आहेत. भूक लागली होती, एवढंच झालं होतं.

पुढच्या हिवाळ्यात तीच राईड पावणेबारा तासांत पुरी झाली. चालवण्याचा वेग दोन्ही वेळेला तोच होता, ताशी वीसच्या आसपास. पहिल्या वेळी दीडशे किलोमीटरमध्ये मी तीन तास वीस मिनिटं थांबलो होतो. दुसऱ्या वेळी संपूर्ण दोनशेत पावणेदोन तास.

तुम्ही दिवसाआड पंधरा-वीस किलोमीटर चालवत असाल, गिअरची सायकल असेल आणि पहिल्यांदाच लांब जायचं मनात असेल, तर खालचं सगळं तुमच्यासाठी आहे. उदाहरणं पुणे-सातारा रस्त्याची आहेत, कारण तो मला पाठ आहे.

१. आधी तारीख पक्की करा

‘एकदा लांब जायचंय’ एवढ्यावर कुणाची तयारी होत नाही. तारीख लागते, आणि ती चार लोकांना सांगावी लागते. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे जवळच्या शहरातल्या २०० किलोमीटरच्या बीआरएमला, म्हणजे वेळेची मुदत असलेल्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला, नाव नोंदवणं. पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर अशा बऱ्याच ठिकाणी या राईड होतात.

बीआरएम ही शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायचं: २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७, ६०० ला ४०. नोव्हेंबर ते ऑक्टोबर अशा एका मोसमात चारही केल्या की तुम्ही ‘सुपर रँदोनर’. भारतात हे ऑडॅक्स इंडियाच्या छत्राखाली चालतं आणि निकालाला मान्यता फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियनची मिळते. याच वाटेनं पुढे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला जाता येतं. ती १२०० किलोमीटरची, १८९१ साली सुरू झालेली आणि आता दर चार वर्षांनी होणारी राईड. तो विचार आत्ता नको; पण डोक्याच्या कोपऱ्यात राहिला तर बिघडत नाही.

नियम थोडे आणि कडक आहेत. हेल्मेट हवंच. रात्रीसाठी पुढचा-मागचा दिवा सायकलला पक्का बसवलेला हवा आणि अंगावर चमकणारं जाकीट हवं. वाटेत ‘कंट्रोल’ असतात, तिथे ठरलेल्या वेळेच्या आत पोचून कार्डावर नोंद करायची. दोन कंट्रोलच्या मधे घरच्या गाडीतून पाणी, केळी, नवी ट्यूब असं काही घ्यायचं नाही. रस्त्यावरच्या दुकानातून काहीही घ्या, ते सगळ्यांनाच मोकळं आहे. मेव्हणा गाडी घेऊन मागे येतो म्हणाला तर त्याला प्रेमानं घरी बसवा.

नोंदणीच्या आणि राईडच्या वेळी लागणारे कागद:

- आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र (वय १८ पूर्ण हवं)
- नोंदणी केल्याची पावती, छापलेली किंवा फोनमध्ये
- स्वतःच्या जबाबदारीवर चालवत असल्याचं सही केलेलं पत्र. नमुना आयोजक देतात
- एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट, चालू औषधं, कसली ॲलर्जी असेल तर ती, आणि घरचे दोन फोन नंबर. ही चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवा; फोनला लॉक असतो, चिठ्ठीला नसतो
- विम्याच्या कार्डाची प्रत

हिवाळ्यातली तारीख घ्या. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ नवख्याला बरा. मार्चनंतर आपल्याकडच्या डांबरावर दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको.

२. डॉक्टरांकडे एक चक्कर

चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात हृदयविकार असेल तर तयारीला लागण्याआधी डॉक्टरांना दाखवा आणि ‘बारा तास सायकल चालवणार आहे’ हे नेमक्या शब्दांत सांगा. ‘थोडा व्यायाम करतो’ असं सांगितलंत तर ते ‘उत्तम’ म्हणून पुढच्या पेशंटला बोलावतील. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर लांब राईडच्या दिवशी डोस कसा घ्यायचा हे त्यांनाच ठरवू द्या.

३. सायकल नवी घेऊ नका, आहे ती अंगाला बसवून घ्या

नाव नोंदवलं की पहिली खाज सुटते ती नव्या सायकलची. थांबा. साधी हायब्रिड सायकल दोनशे किलोमीटर व्यवस्थित जाते. माझी दोन्ही वेळेला तीच होती. पैसे खर्चायचेच असतील तर सायकल अंगाला बसवून घेण्यावर खर्चा.

घरी करायची पहिली तपासणी सॅडलच्या उंचीची. सायकल भिंतीला टेकवा, वर बसा, पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पेडलवर येतो तेव्हा गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. आपल्याकडे बहुतेकांचं सॅडल खाली असतं, कारण बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत ही लहानपणची सवय. त्यानं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. उलट सॅडल फार वर असेल तर गुडघ्यामागे ओढ बसते आणि कंबर डावी-उजवी हलते. बदल करायचा तो एका वेळी अर्धा सेंटिमीटर, आणि राईडच्या आधीच्या दोन आठवड्यांत अजिबात नाही.

राईडच्या दहा दिवस आधी सायकल मेकॅनिककडे टाका: ब्रेक पॅड, गिअरच्या केबल, चेन, दोन्ही टायर. टायर बदलायचे असतील तर तेव्हाच बदला म्हणजे पन्नास-साठ किलोमीटर चालवून खात्री करता येईल.

आणि पंक्चर काढायला शिका. यूट्यूबवर बघून शिकल्यासारखं वाटतं, तसं नाही. घरी मागचं चाक काढायचं, ट्यूब बदलायची, चाक परत बसवायचं. हे तीनदा करायचं, त्यातलं एकदा अंधारात टॉर्च लावून. मागच्या चाकाशी चेनची झटापट पहिल्यांदा होते तेव्हा ती स्वतःच्या हॉलमध्ये झालेली बरी.

४. बारा आठवडे

आठवड्यात चार दिवस पुरतात. दोन दिवस तासाभराची साधी राईड, एक दिवस चढ, आणि रविवारी लांब. बाकीचे दिवस सूर्यनमस्कार, प्लँक आणि उठाबशा, वीस मिनिटं. आपण ज्याला ‘सायकलनं कंबर धरली’ म्हणतो ती बहुतेक वेळा पोटाचे आणि पाठीचे स्नायू कमजोर असल्याची तक्रार असते.

रविवारचं अंतर मी असं वाढवलं होतं:

- आठवडा १ ते ४: ३०, ४०, ५०, मग ४०
- आठवडा ५ ते ७: ६५, ८०, मग ६०
- आठवडा ८ ते १०: १००, ११०, १४०
- आठवडा ११: ७०
- आठवडा १२: दोन दिवस वीस-वीस किलोमीटर, मग राईड

मधेमधे अंतर कमी झालेलं दिसतं ते मुद्दाम आहे. स्नायू चालवताना तुटतात आणि विश्रांतीत भरून येतात. चौथ्या आणि सातव्या आठवड्यात ‘आता जमतंय तर कमी कशाला’ असं वाटेल, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत गुडघे बिघडवून घेतलेले लोक मी पाहिलेत. दोनशे आधी एकदा करून बघायची गरज नाही. ज्याला एकशेचाळीस जमतं त्याला दोनशे जमतं. मधले साठ किलोमीटर खाण्याचे आणि डोक्याचे असतात.

वेग किती ठेवायचा? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. ‘हो’, ‘नाही’ यापलीकडे बोलता येत नसेल तर तुम्ही जोरात आहात. हलका गिअर लावून पाय मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी वेळा फिरवायची सवय करा. जड गिअरमध्ये रेटून चालवणं सुरुवातीला मर्दुमकीचं वाटतं आणि शंभर किलोमीटरनंतर गुडघा त्याचं बिल पाठवतो.

चढाचा दिवस टाळू नका. पुणेकरांना बोपदेव घाट आहे, जुना कात्रज आहे, जीव वर आला तर सिंहगड आहे. ठाणेकरांना येऊर, कोल्हापूरकरांना जोतिबा-पन्हाळा. बोपदेवला पहिल्यांदा मी तीनदा उतरलो, त्यातलं एकदा ‘फोटो काढतो’ असं सोबतच्या मित्राला सांगून. नागपूर-अकोल्याकडच्या मंडळींना चढ नसला तर वाऱ्याच्या तोंडावर चालवा. वारा हा न संपणारा चढच असतो, आणि त्याला उतार नसतो.

बारापैकी निदान तीन रविवार पहाटे अंधारात निघा आणि एकदा अंधार पडल्यावर परत या. डिसेंबरात पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. सकाळी सहाला सुटलेली साडेतेरा तासांची राईड दोन्ही टोकांना अंधारातच असते.

५. बूड, हात, मान

यावर कुणी मोकळेपणानं बोलत नाही म्हणून मी बोलतो. गादीवाली सायकल शॉर्ट घ्या, आणि तिच्या आत चड्डी घालू नका. मी पहिले दोन महिने घालत होतो. आतल्या चड्डीची शिवण घासून जे व्हायचं ते झालं. शॉर्ट थेट अंगाला लागून असते, म्हणूनच ती प्रत्येक राईडनंतर धुवायची. मांड्यांच्या सांध्यात व्हॅसलीन किंवा त्यासाठी मिळणारं क्रीम लावायचं. सॅडलवर जेलचं जाड कव्हर चढवू नका. ते तासभर सुखाचं वाटतं, मग बुडाचं हाड त्यात रुततं आणि आजूबाजूच्या नसा दबतात. दर वीस मिनिटांनी पेडलवर उभं राहून दहा-पंधरा फेरे मारायचे, आठवण आली नाही तरी.

हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येत असतील तर तळव्याची नस हँडलवर दाबली जाते आहे. कोपर सैल ठेवा, पकड बदलत राहा, गादीचे हातमोजे घाला. तरी थांबलं नाही तर हँडल फार लांब किंवा फार खाली आहे. मान दुखत असेल तर हेल्मेट कपाळावर फार पुढे आलं नाहीये ना, ते बघा. माझं तसंच होतं.

६. पोट: निम्मी राईड इथेच आहे

जोरात चालवलंत तर शरीरात साठवलेली साखर दोन-तीन तासांत संपत येते. चरबी भरपूर असते, पण ती जळायला हळू. साखर संपली की पाय लाकडी होतात, थंडी वाजल्यासारखं होतं, चिडचिड होते, साधी बेरीज जमत नाही, आणि ‘सोडून द्यावं’ हा विचार अगदी शहाणपणाचा वाटायला लागतो. शिरवळला माझं तेच झालं होतं. सायकलवाले याला ‘बाँक’ होणं म्हणतात.

उपाय एकच: भूक लागायच्या आधी खाणं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. म्हणजे तासाला एक केळं आणि वर एक राजगिऱ्याचा लाडू, किंवा मूठभर खजूर, किंवा अर्धी गूळपोळी. जानेवारीतल्या राईडसाठी गूळपोळीसारखं दुसरं काही नाही: मोडत नाही, विटत नाही, चार तुकडे करून मागच्या खिशात बसते. चिक्की चांगली, पण चालवताना चावायला जड. महागडी एनर्जी जेल मी एकदा खाऊन पाहिली. चवीबद्दल न बोललेलं बरं.

गोड खाऊन तोंडाला मिठी बसते, म्हणून सहा-सात तासांनंतर काहीतरी खारट लागतं. उकडलेले बटाटे मीठ-तिखट लावून, इडली, दहीभात, दशमी. मिसळ नको. पहिल्या राईडला मी परतीच्या टप्प्यावर तर्रीवाली मिसळ आणि वर ताक घेतलं. चाळीस मिनिटं तिथेच गेली, आणि पुढचा दीड तास पोटात जे चाललं होतं त्यामुळे काही खायची इच्छाच राहिली नाही.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऊन बघून. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकिटावर लिहिलेल्या मापातच पाणी घाला. एका लिटरची पुडी अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून पिऊ नका. घरी करायचं असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. हा चमचा चहाचा. मीठ-साखर अजिबात न घेता दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं असतं, रक्तातलं मीठ पातळ होतं. लघवीचा रंग फिकट पिवळा असला की ठीक. पाच तासांत एकदाही जावं लागलं नाही तर पाणी कमी पडतंय.

राईडला जे खाणार ते आधी किमान तीन रविवारी खाऊन बघितलेलं असलं पाहिजे. पोटालाही सराव लागतो.

७. वेळेचा हिशेब आधी कागदावर मांडा

ताशी २० च्या सरासरीनं २०० किलोमीटरला दहा तास लागतात. साडेतेरातून दहा गेले, साडेतीन तास उरले. ताशी १८ नं चालवलं तर अकरा तास सात मिनिटं, आणि उरतात दोन तास तेवीस मिनिटं. चहा, पंक्चर, लघवी, फोटो, सिग्नल, घरचा फोन हे सगळं या उरलेल्यात बसवायचं. मधल्या कंट्रोललाही मुदत असते: १०० किलोमीटरवरचा कंट्रोल सहा तास चाळीस मिनिटांनी बंद होतो. सहाला सुटलात तर बारा चाळीसच्या आत तिथे नोंद झाली पाहिजे.

नवखा माणूस वेग वाढवून वेळ वाचवायला जातो. तासाला एक किलोमीटर जास्त चालवायला केवढा घाम गाळावा लागतो! त्यापेक्षा हॉटेलात चाळीसऐवजी पंधरा मिनिटं बसणं किती सोपं. मी आता उतरतानाच घड्याळ बघतो आणि स्वतःशी मोठ्यानं म्हणतो, ‘सव्वाला निघायचं’. आधी बाटल्या भरायच्या, मग ऑर्डर द्यायची, खाणं येईपर्यंत तोंड धुवायचं. खुर्चीवर टेकणं सगळ्यात शेवटी. ग्रुपबरोबर असाल तर हे आदल्या दिवशीच बोलून घ्या. सहा जणांचा चहा एका माणसाच्या चहाच्या सहापट वेळ खातो.

८. डोकं

दोनशेचा विचार करू नका. मी रस्त्याचे तुकडे करतो: कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळ, शिरवळ, खंबाटकीचा माथा, सुरूर फाटा. प्रत्येक तुकड्याचा फक्त पुढचा टप्पा डोळ्यासमोर. हे टप्पे आणि तिथे पोचायची वेळ एका चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवा. दमलेल्या डोक्याला आठवायला लावू नका.

एक वाईट तास येणारच, हे गृहीत धरून चला. बहुतेकांना तो ११० ते १५० च्या मधे येतो. परतीचा रस्ता, डोक्यावर ऊन, नवलाई संपलेली, आणि घर अजून दूर. माझा नियम असा: सोडायचा विचार आला की आधी काहीतरी गोड खायचं, पाणी प्यायचं, आणि पंधरा मिनिटं हळू चालवत राहायचं. त्यानंतरही विचार तसाच असेल तर त्याचं ऐकायचं. आतापर्यंत एकदाच तसाच राहिला, आणि तेव्हा मला खरंच ताप होता.

ज्या रस्त्यानं जाणार त्याचा शेवटचा तीस-चाळीस किलोमीटरचा भाग आधी एकदा चालवून ठेवा. साताऱ्याकडून येताना खेड-शिवापूर ओलांडलं की कात्रजच्या बोगद्यापर्यंत चढ लागतो. गाडीतून तो जाणवतसुद्धा नाही. एकशेऐंशी किलोमीटर झाल्यावर तो अचानक समोर आला तर माणूस रडकुंडीला येतो. माहीत असला तर नुसता शिव्या देतो.

ग्रुपमधले जोरात गेले तर जाऊ द्या. पहिल्या तीस किलोमीटरमध्ये दुसऱ्याच्या चाकामागे धावून जे दमतात ते पुढे खंबाटकीत सायकल ढकलताना भेटतात. तुम्हीही ढकललीत तरी हरकत नाही. चालत चढ चढायला कोणत्याही नियमाची आडकाठी नाही.

९. सोबत काय घ्यायचं

- दोन नव्या ट्यूब, पंक्चरचे पॅच, टायर काढायच्या दोन प्लॅस्टिक पट्ट्या, छोटा हातपंप
- ॲलन की असलेला मल्टिटूल, चेनची एक जोडकडी, चार-पाच झिपटाय
- पुढचा दिवा आणि मागचा लाल दिवा, चार्ज केलेले. मागचा एक जादा असेल तर उत्तम
- पॉवर बँक आणि केबल
- हेल्मेट, चमकणारं जाकीट, साधा पारदर्शक चष्मा (अंधारात गॉगल काय कामाचा?)
- सुटे पैसे, दहा-वीसच्या नोटा. रेंज नसली की ऑनलाइन पैसे जात नाहीत, आणि हे नेमकं नारळपाण्याच्या गाडीपाशी होतं
- बँडेज, जंतुनाशक, नेहमीच्या गोळ्या

तुमच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपावरची हवा त्यात जात नाही. त्यासाठी पितळेचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते आधीच वॉल्व्हवर चढवून ठेवा. खिशात ठेवलंत तर हमखास हरवतं.

पाठीवर सॅक नको. सगळं सायकलच्या पिशव्यांत.

१०. आदले दोन दिवस

आदल्या रात्री झोप लागत नाही. मलाही अजून नीट लागत नाही. म्हणून त्याच्या आदल्या रात्रीची झोप महत्त्वाची, ती आठ तास घ्या. जेवण साधं: वरण-भात, बटाट्याची भाजी, पोळी. नव्या हॉटेलात पार्टी नको. कपडे, बाटल्या, खाण्याचे तुकडे, कागद सगळं रात्रीच मांडून ठेवा आणि दोन्ही टायरची हवा दाबून बघा. नवे बूट, नवी शॉर्ट, नवं सॅडल यातलं काहीही त्या दिवशी पहिल्यांदा वापरायचं नाही. निघायच्या दीड-दोन तास आधी पोहे किंवा उपमा खाऊन घ्या. साडेतीनला उठून पोहे कोण करणार, हा घरातला वाद आधीच मिटवलेला बरा.

११. रस्त्यावर

महामार्गावर पांढऱ्या पट्टीच्या डावीकडून चाला, पण अगदी कडेला नको. तिथे खडी, काचा आणि टायरच्या बारीक तारा असतात. त्याच पट्ट्यात उलट दिशेनं येणाऱ्या मोटारसायकली हा सातारा रस्त्यावरचा सगळ्यात मोठा धोका आहे, ट्रक त्या मानानं सरळ. हेडफोन लावू नका. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, जुन्या रस्त्यानंच जायचं. टोलनाक्याला सगळ्यात डावीकडून जा. सायकलला टोल नाही, मात्र नाक्याआधीचे रबरी पट्टे हाताला झिणझिण्या आणतात, तिथे पेडलवर उभे राहा.

खंबाटकीला जाताना मी घाट चढून गेलो आणि परत येताना बोगद्यातून आलो. बोगद्यात शिरण्याआधी थांबून मागचा दिवा लागलाय ना ते हात लावून बघा आणि गॉगल काढा. तिथे नव्या बोगद्यांमुळे वाहतूक बदलत असल्यानं निघण्याआधी ती कुठून वळवली आहे याची चौकशी करा.

पहाटेच्या अंधारात कुत्री मागे लागतात. वेग वाढवला की तीही वाढवतात. उतरा, सायकल त्यांच्या आणि आपल्या मधे धरा, आणि चालत पुढे जा. पन्नास पावलांत त्यांचा इलाखा संपतो. चावलंच तर राईड तिथेच थांबवा, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखाना गाठा.

छातीत दुखणं, चक्कर, घाम थांबून अंग तापणं, नजर धूसर होणं यातलं काहीही झालं तर आठव्या कलमातला माझा पंधरा मिनिटांचा नियम लागू नाही. थांबा, सावलीत बसा, आयोजकांना आणि घरी फोन करा, आणि १०८ ला रुग्णवाहिका मिळते हे लक्षात ठेवा.

१२. पोचल्यावर

कार्डावर शेवटची नोंद आणि सही झाल्याशिवाय गप्पा मारत बसू नका. मुदत त्या नोंदीला असते. मग शॉर्ट बदला, अर्ध्या तासात काहीतरी खा, आणि तिथून घरी सायकल चालवत जायचा पराक्रम करू नका. आमच्यातला एक जण पोचून, फोटो काढून, घरी जाताना गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकावर पडला. दोनशे किलोमीटरमध्ये ओरखडा नव्हता. रिक्षाच्या मागे सायकल बांधता येते, दोरी सोबत असली तर.

दोन दिवस जिने उतरताना मांड्या बोंबलतील. तिसऱ्या दिवशी दहा किलोमीटर अगदी हलक्या गिअरमध्ये फिरवून या. चेन मात्र त्याच आठवड्यात पुसून तेल घाला, तिच्यावर सगळा सातारा रस्ता बसलेला असतो.